देवाच्या दिव्याचं शेत

देवळात दिवा लावायचा तर तेल हवं, तेलाला नारळ हवेत आणि नारळांना जमीन हवी. गोव्यातल्या गावांनी हा हिशेब फार पूर्वी मांडून ठेवला होता. दिव्याच्या तेलासाठी शेताची एक पट्टी, हार-फुलं देणाऱ्यासाठी दुसरी, वाजंत्र्यांची तिसरी, कलावंतिणीची चौथी. भट, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, मडवळ यांचे तुकडे आणखी वेगळे. अशा जमिनीला तिकडे 'नमशी' म्हणत. कोणती पट्टी कोणाची हे गावाला तोंडपाठ असे आणि गावच्या कुळकर्ण्याच्या दप्तरातही असे.

1567 साली सासष्टी महालातल्या अशा जमिनींची गाववार यादी पोर्तुगीज सरकारने करून घेतली. तिला 'फोराल' म्हणतात. पणजीच्या पुराभिलेखागारात ती आजही आहे. यादी झाली त्याच सुमारास सासष्टीतली सुमारे 280 देवळं पाडली गेली. ही यादी जप्तीची आहे. कोणाची जमीन घ्यायची, ती किती आणि तिचं उत्पन्न काय, एवढंच सरकारला हवं होतं. पण त्यासाठी कारकुनाला प्रत्येक तुकड्यापुढे तो कोणत्या देवाचा आणि कोणत्या सेवेचा हेही लिहावं लागलं. देवळं ज्यांनी पाडली त्यांनीच त्या देवांची नावं, त्यांचे सेवेकरी आणि त्यांच्या समईचं शेत कागदावर राखून ठेवलं. आज सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या गावगाड्याबद्दल जे खात्रीने सांगता येतं, त्याचा मोठा भाग असा जप्तीच्या कागदांतून येतो.

हे दप्तर वाचताना मराठी माणसाची थोडी गंमत होते. लिपी रोमन, भाषा पोर्तुगीज, आणि देवांची नावं कारकुनाने कानाला जशी लागली तशी उतरवलेली. पोर्तुगीजात 'एक्स' या अक्षराचा उच्चार 'श' होतो. मुकाट्याने वाचलं तर ओळीच्या ओळी परक्या वाटतात. मोठ्याने वाचलं की 'केत्रपाल' म्हणजे आपला क्षेत्रपाल हे कळतं, आणि मग एकेक ओळखीचा भेटू लागतो. सांतेरी, रवळनाथ, भूतनाथ, भगवती, नारायण, महाळसा, ग्रामपुरुष. एकेका गावात पाच-दहा देवतं सहज. कुडाळपासून कारवारपर्यंत जी मंडळी गावोगाव बसलेली आहेत तीच इथेही होती. कारकुनाच्या लेखी मात्र या सगळ्यांना एकच शब्द होता, 'पागोद'. देऊळही पागोद आणि आतली मूर्तीही पागोद.

आता थोडं मागे जायला हवं.

25 नोव्हेंबर 1510 रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकलं. त्याच वर्षी एकदा घेऊन ते त्याच्या हातून निसटलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने ठरवलं की इथे नुसती शिबंदी ठेवून भागणार नाही, माणसं मुळं धरून बसली पाहिजेत. लिस्बनहून बायका आणणं त्या काळी जवळजवळ अशक्य. म्हणून त्याने आपल्या शिपायांना इथल्याच, बाप्तिस्मा दिलेल्या बायकांशी लग्नं करायला लावलं आणि अशा जोडप्यांना घरं, जमिनी दिल्या. या लग्न केलेल्या, कायमचं बिऱ्हाड थाटलेल्या पोर्तुगीजांना 'कझादो' म्हणत. शब्दाचा अर्थ एवढाच: विवाहित. लग्न न केलेला तो 'सोल्दादो', म्हणजे शिपाई. पुढची दोन-अडीचशे वर्षं गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत माणसांची वाटणी या दोन शब्दांनी होते. कझादोला व्यापाराची मोकळीक होती, सोल्दादोला हुकूम येईल तिकडे आरमारावर जावं लागे. राज्य उभारणारं दप्तर माणसाला पहिला प्रश्न 'तुझं लग्न झालं आहे का' असा विचारतं, हे मला नेहमी मजेशीर वाटत आलं आहे.

हे नवे लोक आले तेव्हा गोव्याच्या तिसवाडी महालात गावकरी नावाची व्यवस्था जुनी होऊन बसली होती. जमीन गावाची, कसायला लिलावाने द्यायची, सरकारचा धारा गावाने एकत्र भरायचा, बांध-बंदिस्ती आणि देवाचा खर्च भागवायचा, आणि उरेल ते मूळ घराण्यांच्या गावकरांनी वाटून घ्यायचं. हे सगळं कसं चालतं ते सोळा वर्षं पोर्तुगीजांना नीट कळत नव्हतं आणि धारा मात्र हवा होता. शेवटी 16 सप्टेंबर 1526 रोजी महसुलाचा मुख्य अधिकारी आफोन्सो मेशिया याने गावकऱ्यांच्या चालीरीती विचारून एक सनद लिहून काढली. तिच्या सुरुवातीला एक गोष्ट येते. फार पूर्वी चार माणसं एका ओसाड जागी आली, त्यांनी ती लागवडीला आणली, पुढे वस्ती वाढली आणि ज्यांनी चांगली व्यवस्था राखली त्यांना गावकर हे नाव पडलं. मग कलमं सुरू होतात. वारसा कसा, कर्ज कसं, कुळकर्ण्याचे हक्क काय, आणि सभेत विडा आधी कोणाला द्यायचा. पानविड्याचा मान कोणाच्या घराण्याकडे पहिला, यावर युरोपातल्या एका राजाच्या नावाने कलम लिहिलं गेलं. मेशियाला त्यातलं कितपत पटलं असेल देव जाणे. पण विड्यावरून गावात तंटा झाला की धारा थकतो, एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

याच 1526 साली केळशीच्या कृष्णदास शामा याने मराठी ओवीत कृष्णचरित्राची कथा लिहायला घेतली. ती आज कुठे सापडते? पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात, सोळाव्या शतकातल्या रामायण-महाभारताच्या मराठी-कोंकणी कथांच्या बाडांबरोबर, रोमन लिपीत उतरवलेली. पाद्र्यांना लोकांची भाषा शिकायची होती आणि त्यांच्या पुराणांतलं काय खोडायचं तेही ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी पोथ्या मिळवल्या, कधी सरळ उचलून आणल्या आणि आपल्या लिपीत लिहवून घेतल्या. मूळ पोथी गेली, नक्कल उरली.

मेशियाच्या सनदेत देवळांना धक्का नव्हता. तो पंधरा वर्षांनी लागला. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि लगेच प्रश्न उभा राहिला की त्यांच्या जमिनींचं काय करायचं. गोव्यात तेव्हा नव्या ख्रिस्ती मुलांना शिकवण्यासाठी एक संस्था निघाली होती. तीच पुढे जेझुइट पाद्र्यांकडे जाऊन सेंट पॉल कॉलेज झाली. तिला पैसा हवा होता. 30 जून 1541 रोजी तिसवाडीच्या गावकरांना बोलावून एक लेख करण्यात आला. त्यातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. देवळं आता उरली नाहीत आणि पुन्हा उभी राहण्याची आशाही नाही. मग त्यांच्या जमिनींचं उत्पन्न वाया का जावं? तेव्हा वर्षाला 2000 टंका एवढं ते उत्पन्न गावकर स्वखुशीने नव्या धर्मकार्याला देत आहेत. 'स्वखुशीने' हा शब्द सरकारी कागदात दिसला की वाचणाऱ्याने जरा थांबावं. चारशे ऐंशी वर्षांत त्याचा अर्थ फारसा बदललेला नाही.

सासष्टी आणि बार्देश हे महाल 1543 मध्ये कायमचे पोर्तुगीजांकडे आले. सासष्टी म्हणजे सहासष्ट गावं, नावातच आकडा आहे. इथे धर्मप्रसाराचं काम जेझुइटांकडे होतं, पण पहिली मोठी आग लावली ती एका शिपाईगड्याने. रायतूरच्या, म्हणजे राचोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने लोटली गावच्या गावकरांना कसल्याशा कामासाठी बोलावलं. ते आले नाहीत. रागाच्या भरात त्याने त्यांचं मुख्य देऊळ जाळलं. आणि लोटलीकरांनी काय केलं? ते फिर्यादीला गेले. पोर्तुगीज न्यायाधीशापुढे पोर्तुगीज कप्तानाविरुद्ध. निकालही त्यांच्या बाजूने लागला: कप्तानाने स्वखर्चाने देऊळ पुन्हा बांधून द्यावं. इथपर्यंतची कथा ऐकली तर राज्य कायद्याचं होतं असं वाटेल. पण आर्चबिशप आणि जेझुइटांचे प्रांतप्रमुख व्हाइसरॉयकडे गेले, निकाल फिरला आणि देऊळ पुन्हा बांधण्याऐवजी उरलेली सगळी देवळं पाडायचा हुकूम सुटला. पाडायला तोच कप्तान होता. 1577 साली तो वारला तेव्हा या मुलखातली देवळं पाडणारा ही त्याची ओळख त्याच्या थडग्यावर कोरली गेली.

देव मात्र बऱ्याच ठिकाणी आधीच निघाले होते. कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची महाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. नदीपलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता. मुंबई-पुण्याहून आज गाड्या भरून लोक ज्या देवळांना जातात ती ही नव्या जागेवरची देवळं आहेत. पुढे अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या आणि पेशव्यांच्या सरदार-मुत्सद्द्यांनी त्यांना इमारती आणि गावं दिली. मूळ जागेची खूण मात्र फोरालात आहे.

कुंकळ्ळीत हे इतकं सरळ झालं नाही. 1583 च्या जुलैत पाच जेझुइट काही पोर्तुगीज आणि स्थानिक ख्रिस्ती लोकांना घेऊन तिथे क्रूस उभारायला आणि चर्चची जागा पाहायला गेले. त्याआधीही गावावर हल्ले झाले होते, देवळं मोडली होती. गावकऱ्यांनी हत्यारं उचलली आणि पाचही पाद्री व त्यांच्याबरोबरचे बरेचजण मारले गेले. त्या पाचांतला रोदोल्फो आक्वाविव्हा हा जेझुइटांच्या सर्वोच्च प्रमुखाचा पुतण्या. तो नुकताच फत्तेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारात तीन वर्षं वाद-संवाद करून परतला होता. बादशहाच्या दरबारात ज्याला कोणी बोट लावलं नाही तो कुंकळ्ळीच्या शेतात पडला.

या घटनेच्या तारखा दोन सापडतात, 15 जुलै आणि 25 जुलै. नवखा अभ्यासक इथे गोंधळतो. पोप ग्रेगरीचं नवं पंचांग युरोपात आदल्या वर्षी लागू झालं होतं आणि गोव्यात तोवर जुनंच चालू होतं. म्हणून जुन्या गणतीने 15, नव्या गणतीने 25. कुंकळ्ळीची माणसं 15 धरतात.

चर्चच्या कागदांत या प्रकरणाची नोंद भरपूर आहे. पत्रं, जबान्या, कोणाला कुठे घाव लागला याचे तपशील. 1893 साली पोप तेराव्या लिओने त्या पाचांना 'धन्य' घोषित केलं. फक्त पाचांना. त्यांच्याबरोबर मेलेले स्थानिक ख्रिस्ती त्या मानात आले नाहीत. आणि पुढे काय झालं ते तर गावानेच जपलं आहे. बोलणीसाठी म्हणून 16 म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतलं आणि ठार केलं. त्यातला एक मात्र नदीत उडी टाकून निसटला, असं गाव अजून सांगतं. कुंकळ्ळी आणि आजूबाजूच्या गावांच्या जमिनी जप्त झाल्या. ज्या गावाने विरोध केला त्याची गावकरीच मोडून टाकली.

मारल्या गेलेल्या पाद्र्यांची शवं मिळवून त्यांचं दफन करण्यात एक इंग्रज जेझुइट पुढे होता, थॉमस स्टीफन्स. 24 ऑक्टोबर 1579 ला तो गोव्यात उतरला आणि जन्मभर इथेच राहिला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोलला छापलं गेलं. मराठी, ओवीबद्ध, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं, आणि देवनागरीचे खिळे नसल्याने रोमन लिपीत. मराठीवर इतकी माया करणारा दुसरा परदेशी दाखवणं अवघड आहे. पण ज्यांनी देवळं पाडली त्यांच्याच मंडळात तो होता, हेही तितकंच खरं. ही दोन्ही वाक्यं एकत्र लिहायला मराठी लेखक कचरतात. मला तसं काही कारण दिसत नाही. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. त्या छापांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या हस्तलिखितांच्या आधारे आपण ते वाचतो ती नंतरची आहेत.

देवळांच्या यादीनंतर माणसांच्या याद्या आल्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवण्याचा नियम केला. 1567 साली, म्हणजे फोरालाच्याच वर्षी, गोव्यात पहिली प्रांतीय धर्मपरिषद भरली आणि ही शिस्त इकडे रुजली. मुलाचं नाव, आई-बापाचं नाव, आणि ज्याने हात धरून वेदीपाशी नेलं त्या धर्मपित्याचं नाव. या तिसऱ्या रकान्यात गोव्याच्या आडनावांचं रहस्य आहे. धर्मांतर करणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळे. त्यामुळे एकाच घराण्यातले भाऊ वेगवेगळ्या वर्षी बाटले तर त्यांची आडनावंही वेगळी होत. गावकरीच्या वहीत मात्र त्यांची जागा जुन्या वांगडातच, म्हणजे गावकरांच्या मूळ घराण्यातच, राही, कारण वाटणीचा पैसा वांगडाप्रमाणे मिळायचा. चर्चची वही माणूस किती बदलला ते सांगते, गावकरीची वही तो किती बदलला नाही ते. या गावकरी वह्या कित्येक ठिकाणी मराठीत असत. काही मोडीत, तर काही कंदवी या आज जवळजवळ कोणाला न वाचता येणाऱ्या जुन्या लिपीत.

एक यादी मात्र वाचवत नाही. 1559 चा हुकूम असा होता की हिंदूंच्या अनाथ मुलांना ताब्यात घ्यावं आणि बाप्तिस्मा द्यावा. पुढे तो असा लावला गेला की बाप मेला तर आई जिवंत असली, आजा-आजी असले, तरी मूल अनाथच. या कामावर 'पाय दुश क्रिश्तांवश', ख्रिस्त्यांचा बाप, या नावाचा एक अधिकारी नेमलेला होता. मूल लपवणाऱ्याला शिक्षा होती. रातोरात होडीतून मुलांना पलीकडच्या काठाला पोचवणाऱ्या आया आणि मामे या कागदांत दिसतात ते गुन्हेगार म्हणून.

वसाहतीचे कागद म्हणजे फक्त जिंकणाऱ्यांचा थाट, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने कझादोंच्या आणि शिपायांच्या नोंदी वाचाव्यात. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत गोव्याच्या राजेशाही इस्पितळात 25,000 शिपाई मेले. तापाने, हगवणीने, बोटीवरच्या उपासमारीने. मरणाऱ्याची इस्टेट 'मिझेरिकोर्दिया' या धर्मादाय संस्थेकडे जाई. ती मृत्युपत्र उघडून, सामान लिलावात काढून, हुंडीने पैसे पोर्तुगालमधल्या वारसांकडे पाठवी. लिस्बनहून राजाच्या खर्चाने अनाथ मुली लग्नासाठी पाठवल्या जात, हुंडा म्हणून नवऱ्याला सरकारी नोकरी मिळे. गुलामांना मोकळं केल्याची पत्रंही दप्तरात आहेत. त्या घरांत पाणी कोण भरत होतं ते त्यांतून कळतं.

या स्थायिकांतला एक आपल्या चांगला ओळखीचा असायला हवा. गार्सिया द ओर्ता, वैद्य. तीसएक वर्षं गोव्यात राहून त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो 1563 साली गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. 1554 साली सिमांव बोतेल्यो याने राज्याची मोठी महसूलवही तयार केली. तिच्यात ओर्ताच्या आधीच्या मुंबईच्या खंडकऱ्याचा आकडाही आहे: वर्षाला 1432½ पारदाव. आजच्या मुंबईतला माणूस त्या अर्ध्या पारदावाकडे पाहून हसेल. ओर्ता 1568 मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गोव्यात जिवंत जाळलं. आरोप असा की ही माणसं वरून ख्रिस्ती, आतून ज्यू. 1580 साली ओर्ताची हाडं कबरीतून उकरून तीही जाळली. ज्याच्या पुस्तकात आंब्यापासून अफूपर्यंत सगळ्याची नोंद आहे, त्याच्या शेवटाची नोंद वैद्यकाच्या नव्हे, खटल्याच्या कागदात सापडते. तीही गोव्यात नाही, लिस्बनला.

गोव्यात ती का नाही याची कथा 1812 ची आहे. इन्क्विझिशन तेव्हा कायमचं बंद झालं. दोनशे पन्नास वर्षांच्या खटल्यांचे ढीग पडले होते. पोर्तुगालचं राजघराणं त्या वेळी नेपोलियनच्या भीतीने ब्राझीलमध्ये जाऊन बसलेलं. गोव्याच्या व्हाइसरॉयने रिओ द जनेरोला विचारणा केली, निवडक कागद काढून घेतले गेले आणि उरलेले जाळण्यात आले. तेव्हा नांदत असलेल्या घराण्यांची बदनामी होऊ नये, हा त्यामागचा एक विचार होता. सोळा हजारांहून अधिक खटले चालवणाऱ्या न्यायालयाचं मूळ दप्तर असं नाहीसं झालं. उरलं काय? 1623 पर्यंतच्या सुमारे 3800 खटल्यांची एक सूची. जुवांव देल्गादो फिगेरा नावाच्या इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याने ती केली होती, आणि आता ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. नाव, गाव, जात, आरोप, शिक्षा. काही पत्रव्यवहार रिओत राहिला. गोव्यातल्या खटल्यांवर काम करणाऱ्याला दोन समुद्र ओलांडावे लागतात.

सरकारच्या कागदांना छप्पर मिळालं ते त्याच्या कितीतरी आधी, 25 फेब्रुवारी 1595 रोजी. त्या दिवशीच्या राजाज्ञेने गोव्यात राज्याचा दप्तरखाना स्थापन झाला आणि दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला दप्तरदार झाला. कोतु जुना शिपाई, पोर्तुगीज अंमलदारांच्या लाचखाऊपणावर सणसणीत पुस्तक लिहिलेला. दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या इतिहासग्रंथाचा एक खंड लिस्बनला छापखान्यात जळाला आणि दोन खंडांची हस्तलिखितं तो आजारी असताना घरातून चोरीला गेली. त्याने आठवणीने ती पुन्हा लिहून काढली.

त्यानंतरची चार शतकं दप्तराने सरकारचे सगळे भोग भोगले. राजाशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांवरून चाले, म्हणून त्या वह्यांना 'मोसमाच्या वह्या' असंच नाव पडलं. त्यांतल्या 62 अठराव्या शतकात लिस्बनला नेल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. 1835 मध्ये मठ बंद झाले, त्यांची दप्तरं इकडे येऊन पडली. जुनं शहर रोगराईने ओस पडलं, राजधानी पणजीला आली, कागदही हलले. आणि दर पावसाळ्यात दमट हवा, वाळवी, शिवाय लोखंडाच्या क्षाराची ती जुनी शाई. ही शाई कागद खाते. जुन्या वहीत कधी कधी पान शाबूत असतं आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक असतं. मागच्या पानाचा काळा रंग त्यातून दिसतो तेव्हा पुसट का होईना, शब्द वाचता येतो.

हे कागद बोलते करणाऱ्यांत दोन नावं आधी घ्यायला हवीत. जुआकिम एलियोदोरु द कुन्य रिव्हारा हा 1855 साली सरकारचा मुख्य सचिव म्हणून गोव्यात आला आणि कचेरीचं काम सांभाळून जुने हुकूम, पत्रं, धर्मपरिषदांचे ठराव खंडामागून खंड छापत गेला. दुसरे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, सुमारे तीस वर्षं या दप्तरखान्याचे प्रमुख. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा सासष्टी-बार्देशात घुसल्या, तेव्हा पोर्तुगीज कौन्सिलात काय घबराट उडाली, आणि व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन कसा ठेवला, हे मराठी इतिहासकारांना पोर्तुगीज कागदांतून नीट कळलं त्यात पिसुर्लेकरांचा वाटा फार मोठा. त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने काढलं. त्यांच्या खालोखाल अ. का. प्रियोळकर. मूळ गाव प्रियोळ, म्हणजे जिथे मंगेश जाऊन राहिला तेच.

1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. हुकूम दप्तरात आहे. बोली गोव्यात आहे.

वर्षातून एकदा, शिमग्याच्या दिवसांत, फातर्प्याला गेलेली शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी येते. बरोबर बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या असतात आणि गुलाल उधळायला हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतली माणसं असतात.

ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे अशा वाचकांना एक सांगावंसं वाटतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा देवळातल्या भटजींना देवाचं मूळ गाव विचारून घ्या आणि घरातल्या पोरांना ते लिहून द्या. गाव सासष्टीतलं निघालं, तर 1567 च्या यादीत त्याचं पान पणजीत आहे.